सामान तेच, हात नवा: पाच माणसांच्या घरचा रोजचा स्वयंपाक

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला राहणारं पाच जणांचं घर. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा नववीत, मुलगी चौथीत आणि घरात सासूबाई. किराणा आणि भाजीचा खर्च आवरत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून मागवलं जातं आणि मुलं म्हणतात, रोज तेच तेच. म्हणून दर रविवारी एक नवा पदार्थ करायचं ठरवलं, तर खर्च उलट वाढला. फ्रीजच्या दारात अर्ध्या वापरलेल्या सॉसच्या बाटल्या साठल्या. स्वस्तात घरचं जेवण आणि दर आठवड्याला काहीतरी नवं, हे दोन्ही एकत्र जमतं का?

जमतं. अडचण काय झाली ते त्या बाटल्याच सांगतात. नवा पदार्थ म्हणजे नवं सामान, असं धरून चाललात. तसं न करता घरात आहे त्याच सामानावर हाताला नवी गोष्ट शिकवायची. डब्यात ज्वारीचं पीठ, बेसन, मटकी, तूरडाळ, दाणे, तीळ, खोबरं एवढं असलं तरी निदान महिनाभर पुरतील इतकी नवी आव्हानं त्यातून निघतात. पण आधी रोजचं जेवण रुळावर यायला हवं. रोजच्या जेवणातच धावपळ होत असेल, तर नव्या पदार्थाला वेळ कुठून काढणार?

आता मापं. खाली वाटी म्हटलं की १५० मिलीची आमटीची वाटी, चमचा म्हणजे पोह्यांचा चमचा. जिथे चूक महागात पडते तिथे ग्रॅम आणि मिली दिले आहेत. एक साधा वजनकाटा घेऊन ठेवा. या सगळ्यात नव्याने विकत घ्यायची वस्तू तेवढीच.

भाजीचा भाव बघताना किलोचा आकडा बघू नका. निवडून, सोलून, चिरून कढईत किती जातं ते बघा. शेंगांचा मटार एक किलो घेतला तर दाणे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास निघतात, म्हणजे दाण्यांचा खरा भाव पाटीवरच्या भावाच्या दुपटीहून जास्त. फ्लॉवरचा दांडा आणि पाला काढला की बराच ऐवज जातो. मेथीच्या जुडीत निम्म्या काड्या. याउलट कोबी, दुधी, गाजर, पडवळ, लाल भोपळा यांत फार थोडं वाया जातं. दुधीची सालं चटणीत जातात, तीळ घालून परतली की झाली. कडधान्याचा हिशेब तर उलटाच असतो. एक किलो कोरडी मटकी भिजवून मोड आणली की अडीच किलोच्या आसपास भरते. किलोच्या भावात मटकी महाग दिसते, पण ताटातल्या वाटीच्या भावात बहुतेक भाज्यांपेक्षा स्वस्त पडते.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात बहुतेक फळभाज्यांचा भाव दहा किलोंचा आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांचा बोलला जातो. एका घराला तेवढी भाजी नको असते. सोसायटीतली तीन घरं मिळून गेलात तर कांदा, बटाटा, लसूण, भोपळा अशा टिकाऊ वस्तूंना तिथे जाण्यात अर्थ आहे. पालेभाजीसाठी एवढं लांब जाऊ नका. ती घराजवळ, लागेल तेवढीच घ्या. कांद्यात मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. पावसाळ्यानंतर येणारा हळवा कांदा टिकत नाही, तो दोन किलोंच्या वर घेऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी निघणारा गरवा कांदा टिकतो. एप्रिल-मेमध्ये तो दहा-पंधरा किलो घेऊन जाळीच्या टोपलीत पसरून, हवेशीर जागी, बटाट्यापासून लांब ठेवा. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला कांदा बाहेर काढा. एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो.

तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवला तरच कळतो. माणशी दिवसाला २५ मिली धरलं तर पाच जणांना महिन्याला पावणेचार लिटर होतं. एक तारखेला तेवढं एका वेगळ्या डब्यात काढा आणि महिना त्यातच भागवा. वीस तारखेला डबा रिकामा झाला, तर तळणीत आणि फोडणीत किती जातंय ते आपोआप समजतं.

गॅसचंही तसंच. मोठा बर्नर पूर्ण ठेवला तर तासाला साधारण १५० ते १७५ ग्रॅम गॅस जातो. म्हणजे १४.२ किलोची टाकी एका बर्नरवर ८० ते ९५ तास चालते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात हरभरा किंवा छोले शिजवत बसणं म्हणजे गॅस जाळणं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. पहिली शिट्टी झाली की जाळ अगदी बारीक करा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा बारीक जाळावरची मिनिटं मोजा. मोठ्या जाळावर आठ शिट्ट्या करून डाळ लवकर शिजत नाही, कुकरमधलं पाणी मात्र लवकर संपतं.

आता कडधान्य. या घराचा आठवडा कडधान्याभोवती बांधा, कारण खर्च खरा तिथे वाचतो आणि नोकरीवाल्या घरात ते बिघडतंही सगळ्यात जास्त. बिघडतं ते चवीत नाही, आदल्या रात्री. सकाळी सात वाजता कुणाच्या तरी लक्षात येतं की काही भिजवलंच नाही, आणि संध्याकाळी जेवण बाहेरून येतं.

शनिवारी रात्री ४०० ग्रॅम मटकी निवडून, तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. मटकीच्या चौपट पाणी हवं. उन्हाळ्यात साधं पाणी, थंडीत कोमट. आठ ते दहा तासांनी पाणी ओतून टाका. वर तरंगणारे दाणे काढा, त्यांना मोड येत नाहीत. मग चाळणीत दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही दहा मिनिटं टाळली की मटकी चिकट होते आणि वास मारते. दोष मटकीचा नसतो, फडक्यात साठलेल्या पाण्याचा असतो. सुती फडक्यात सैलसर बांधा, आवळून नको, दाण्याला फुगायला जागा लागते. चाळणीत ठेवून वर झाकण घाला. एप्रिलमध्ये बारा तासांत मोड येतात, डिसेंबरच्या पुण्यात चोवीस तास लागतात. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा गरम भाताच्या पातेल्याशेजारी ठेवा. मोड एक सेंटिमीटरच्या आत असताना वापरा. फार लांब मोड कडवट लागतात आणि शिजताना गळून पडतात.

मटकीत गणंग दाणे असतातच. ते भिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात. सासूबाईंच्या दातांसाठी हे महत्त्वाचं आहे. मोड आल्यावर मटकी परातीत पसरून हात फिरवा. फुगलेल्या मऊ दाण्यांमध्ये गणंग बोटाला लगेच लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, मुलीला द्या.

तयार झालेल्या किलोभर मटकीचे तीन भाग करा. पहिल्याची सोमवारी उसळ. दुसरा भाग बुधवारी मटकीभातात. तिसरा कोरडा करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये, तो पुढच्या आठवड्यात ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवसासाठी. फ्रीजमध्ये मोडाची मटकी तीन दिवस चांगली राहते, त्यापुढे मोड तपकिरी पडायला लागतात. मटकीची उसळ कुकरला लावू नका, पिठूळ होते. कढईत झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून १२ ते १५ मिनिटं पुरतात. मीठ आणि आमसूल दाणा मऊ झाल्यावर.

आंबट गोष्ट शेवटी का, हे एकदा समजून घ्या, कारण डाळ न शिजण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ विरघळला की दाणा मऊ होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांनी पाणी आंबट झालं की पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियमही तेच करतो, म्हणून अशा सोसायटीत डाळीला पिण्याचं पाणी वापरा. तिसरं कारण जुना माल. वर्षाहून जुनी डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी कणी राखते. सोड्याची चिमूट टाकून डाळ मऊ होते, पण तिच्यातलं थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, कमी होतं. रोजची सवय लावू नका.

साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा किंवा राजमा आणलात तर एक नियम मोडायचा नाही. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवा. राजम्याच्या जातीच्या घेवड्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळाखळा उकळल्यावरच जातं. निदान दहा मिनिटं पूर्ण उकळी हवी. अर्धवट शिजलेला दाणा कच्च्याइतकाच वाईट, उलट्या-जुलाब होतात. दाण्यात कणी राहिली असेल तर वाढू नका, परत कुकरला लावा.

तूरडाळीची आमटी एका दिवसापुरती करू नका. ३०० ग्रॅम डाळ, त्यात पाऊण लिटर पाणी, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, एक चमचा तेल. तेलाने फेस आवरतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. अर्धा तास भिजवली असेल तर पहिल्या शिट्टीनंतर बारीक जाळावर आठ-दहा मिनिटं पुरतात. घोटून अर्ध्याची आज आमटी करा. पाच जणांना पाच-सहा वाट्या पाणी, दोन चमचे गोडा मसाला, चार-पाच आमसुलं, गुळाचा लिंबाएवढा खडा. उरलेलं घोटलेलं वरण मीठ-मसाला न घालता फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच्या चकोल्या, म्हणजेच वरणफळं.

चकोल्या फसतात त्या दोनच कारणांनी. एक, आमटी नेहमीइतकीच घट्ट ठेवली. कणीक पाणी पिते, म्हणून आमटी दीडपट पातळ असायला हवी. दोन, उकळी नसताना फळं टाकली. मग ती तळाला बसून त्यांचा गोळा होतो. दोन वाट्या कणीक पोळीपेक्षा घट्ट मळा, पोळीच्या जाडीला लाटा, शंकरपाळ्यांसारखी कापा. आमटीला खळखळून उकळी आली की सहा-सात, सहा-सात अशी सोडा, मध्ये दोन-तीन सेकंद थांबून. सगळी पडली की आठ ते दहा मिनिटं. काढून एक फळ मधोमध तोडून बघा, पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. वर साजूक तूप. हे एका पातेल्यातलं पूर्ण जेवण आहे आणि मुलांना ते बाहेरच्या नूडल्सइतकंच आवडतं, फक्त पानात गरम पडलं पाहिजे.

शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, शिळ्या भाकरीचा ताकातला काला, हे सांगायला नको. भाताबद्दल मात्र सांगायलाच हवं. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची पद्धत बंद करा. भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवण झालं की उरलेला भात पसरट डब्यात काढून तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परता, आणि एकदाच.

तांदूळ इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं, आंबेमोहोराच्या वंशातलं हे भाताचं वाण. घरच्या मऊ भाताला, खिचडीला, सासूबाईंच्या गुरगुट्या भाताला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. खिचडीला आणि आंबोळीला अख्ख्या तांदळाची गरज नाही. इंद्रायणीचा तुकडा बराच स्वस्त मिळतो आणि चव तीच. नव्या तांदळाला पाणी पावणेदोन पट, जुन्याला दुप्पट ते सव्वादोन पट. मोकळा भात हवा असेल त्या दिवशी इंद्रायणी वापरू नका आणि चिकटला म्हणून स्वतःला बोल लावू नका, ती त्याची जातच आहे.

हे तीन-चार आठवडे नीट चाललं की मग आव्हानं. ठरवताना एवढंच बघा की एका वेळी एकच गोष्ट नवी असेल. पीठ नवं असेल तर कृती ओळखीची हवी, कृती नवी असेल तर सामान ओळखीचं. पहिला प्रयोग एक चतुर्थांश मापाने करा आणि त्या दिवशी कुकरमध्ये वरणभात लावलेला असू द्या. जेवण फसण्याची भीती नसली की हात मोकळा चालतो. आणि तोच पदार्थ लागोपाठ तीनदा करा. पहिल्यांदा चूक समजते, दुसऱ्यांदा ती सुटते, तिसऱ्यांदा वेळ कमी होतो. दर रविवारी वेगळा पदार्थ केला तर वर्षात बावन्न पदार्थ होतात आणि एकही हातात बसत नाही.

पहिलं आव्हान ज्वारीची भाकरी. पुण्यातल्या अनेक घरांत ती आता विकत येते आणि खर्च तिथे चढतो. मालदांडी ज्वारी घेऊन गिरणीतून एका वेळी दोन-अडीच किलोच दळून आणा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, जी काही विरी, म्हणजे चिकटपणा, असते ती ताज्या पिठात. पंधरा-वीस दिवसांनी विरी जाते आणि मग कुणाच्याही हातून भाकरी तुटते. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडवट व्हायला लागतं, ते किलोच्या वर दळू नका.

दोन भाकऱ्यांना १५० ग्रॅम पीठ, १४० ते १५० मिली पाणी. पाणी उकळतं हवं. कडेने बुडबुडे आलेलं पाणी पुरत नाही, भाकरी फाटण्याचं पहिलं कारण तेच. पिठात पाणी ओतून उलथन्याने कालवा, झाकून पाच मिनिटं ठेवा. मग तळहाताच्या टाचेने परातीत पुढे रगडा, गोळा करा, पुन्हा रगडा. चार मिनिटं. बोटांनी मळू नका, बोटांनी पीठ फक्त एकत्र होतं, लवचिक होत नाही. गोळा चपटा करून कडेला बघा. चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून अजून रगडा. या चिराच पुढे भाकरीच्या कडेला येतात. एका भाकरीचा गोळा थापेपर्यंत दुसरा झाकून ठेवा.

परातीत कोरडं पीठ पसरून थापा. कडा जाड आणि मध्य पातळ राहिला तर भाकरी फुगत नाही, म्हणून हात कडेकडून फिरवा. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताना पीठ लागलेली बाजू वर येऊ द्या आणि लगेच त्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. आता इथे लक्ष. पाणी पूर्ण वाळायच्या आत, वरची चकाकी जाऊन ओलसरपणा राहिलेला असतानाच उलटा. उशीर झाला तर वरचा थर वाळून तडकतो आणि वाफ तिथून निघून जाते. पाणी लावलेली बाजू तव्यावर पूर्ण भाजू द्या, डाग पडेपर्यंत. मग तवा बाजूला करून दुसरी बाजू थेट जाळावर धरा. भाकरी टम्म फुगली की पापुद्रा सुटला. फुगली नाही तरी खायला चांगलीच असते. फक्त कुठून वाफ निघाली ते बघा, पुढची सुधारते.

सासूबाईंसाठी भाकरी गरम असतानाच दुधात किंवा आमटीत कुस्करून झाकून ठेवा. दहा मिनिटांत दातांना लागत नाही इतकी मऊ होते.

दुसरं आव्हान मासवडी. ही पुणे जिल्ह्याचीच. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे लग्नाच्या आणि जत्रेच्या जेवणात ती मानाने वाढतात. नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. सारण भरलेल्या बेसनाच्या वडीचा आकार माशासारखा, म्हणून हे नाव. सामान सगळं घरचं, आणि कौशल्य मात्र खरं. महिनाभराचं आव्हान घ्यायचं असेल तर हेच घ्या.

पाच जणांना २०० ग्रॅम बेसन आणि ६०० मिली पाणी. आधी सारण करून ठेवा, कारण बेसन झाल्यावर वेळ मिळत नाही. दोन मध्यम कांदे बारीक चिरून दोन चमचे तेलात चांगले लाल करा. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, पाव वाटी तीळ, एक चमचा खसखस वेगवेगळे कोरडे भाजा. एकत्र भाजलं तर खसखस जळते आणि खोबरं कच्चं राहतं. खोबरं महाग असेल तेव्हा निम्म्या खोबऱ्याऐवजी दाण्याचं कूट चालतं. आठ लसूण पाकळ्या, मीठ, दीड चमचा कांदा-लसूण मसाला घालून जाडसर वाटा, कोथिंबीर वरून मिसळा. पाणी अजिबात नको. सारण मुठीत दाबून सुटं पडलं तर बरोबर. ओलं झालं तर वडी कापताना उघडते.

जाड बुडाच्या कढईत एक चमचा तेल, जिरं, हिंग, हळद, वाटलेली मिरची-लसूण. ४०० मिली पाणी ओतून मीठ घाला आणि उकळी येऊ द्या. जुन्या हाताच्या बायका कोरडं बेसन एका हाताने वैरतात आणि दुसऱ्या हाताने घोटतात. पहिल्यांदा करताना ते जमत नाही, गुठळ्या होतात. म्हणून उरलेल्या २०० मिली गार पाण्यात बेसन गुठळी न ठेवता कालवा आणि उकळत्या पाण्यात धारेने सोडा. डाव सतत फिरता हवा. दोन मिनिटांत घट्ट होईल. जाळ बारीक करून झाकण ठेवा, चार-पाच मिनिटं दणकून वाफ द्या, मध्ये दोनदा ढवळा. गोळा कढईच्या कडा सोडून एकत्र फिरायला लागला आणि चाखल्यावर कच्च्या बेसनाचा वास आला नाही की झालं. वाफ कमी दिली की वडी घशाला चिकटते. नव्या हाताची सगळ्यात मोठी चूक तीच.

ओलं सुती फडकं पिळून पोळपाटावर पसरा. निम्मं गरम बेसन त्यावर घेऊन ओल्या हाताने थापा. साधारण वीस सेंटिमीटरचा गोल, जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर. हात पाण्यात बुडवत राहा. थापायला दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त लावू नका. बेसन गार झालं की ते वळत नाही, तडकतं. मधोमध सारणाचा पट्टा दाबून पसरा, दोन्ही कडांना दोन बोटं जागा सोडून. आता फडक्याची एक कड उचलून बेसन सारणावर आणा, मग दुसरी. फडक्यातूनच दाबून वर निमुळती, खाली सपाट अशी लांब वडी करा. तडा गेलाच तर ओल्या बोटाने लगेच बुजवा, गरम असताना तो दिसेनासा होतो. वीस मिनिटं झाकून गार होऊ द्या. मग तेलाचा हात लावलेल्या सुरीने किंवा ताणलेल्या दोऱ्याने दोन सेंटिमीटरचे काप करा. गरम कापली तर सारण बाहेर येतं. दुसऱ्या वडीचं उरलेलं बेसन पहिली थापत असताना कढईत झाकून, अगदी मंद जाळावर ठेवा.

रस्सा नेहमीच्या वाटणाचा: भाजलेला कांदा, खोबरं, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, आणि पाणी सढळ. रस्सा पातळ आणि झणझणीत हवा. मुलीसाठी तिखट घालण्याआधी एक वाटी बाजूला काढा. वड्या रश्शात टाकून उकळू नका, विरघळतात. ताटात दोन-तीन काप ठेवून वरून कढता रस्सा ओता, सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. उरलेले काप दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात खरपूस करून डब्यात जातात.

तिसरं आव्हान सोपं घ्या, कुळथाची पिठी. ६० ग्रॅम कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवून लसूण-मिरचीच्या फोडणीतल्या लिटरभर पाण्यात सोडायचं, पहिली उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही, मग सात-आठ मिनिटं शिजवून शेवटी तीन-चार आमसुलं. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली असते, तेव्हा ही पिठी आणि भात म्हणजे अर्ध्या तासातलं जेवण.

चौथं, तुकड्याच्या आंबोळ्या. तीन वाट्या तुकडा, एक वाटी उडीदडाळ, अर्धा चमचा मेथ्या. पुण्याच्या थंडीत आठ तासांत पीठ फुगत नाही, चौदा ते अठरा तास धरा. पीठ फुगलं की नाही हे वासावर न ठरवता भांड्यावर खूण करून ठरवा. दीडपट वर चढलं पाहिजे. मीठ आंबल्यावर घाला. आंबोळीवर जाळी पडत नसेल तर तवा थंड आहे किंवा पीठ घट्ट आहे. आधी पाण्याचा शिपका मारून तवा तपासा, थेंब नाचून उडाले तर तवा तयार आहे, मग दोष पिठात शोधा.

फ्रीजवर एक वही अडकवा आणि प्रत्येक प्रयोगाखाली तीनच गोष्टी लिहा: पाणी किती घातलं, जाळ कसा होता, किती मिनिटं लागली. "छान झालं" किंवा "फसलं" एवढंच लिहिलं तर पुढच्या वेळी उपयोग शून्य. नववीतला मुलगा वजन करून लिहू शकतो, आणि काट्यावर बेसन मोजता मोजता भाकरीला हातही लावेल. पहिल्या तीन भाकऱ्या फाटतील, त्या कुस्करून फोडणीला टाका. आणि पुढच्या शनिवारी रात्री भांडी घासून झाली की मटकीचा डबा काढून ओट्यावर ठेवा, पाणी घालायचं विसरायला नको.